मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल : घेतलं आईसाठी, कामाला आलं माझ्या

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिला जुन्या बायबलची बारीक अक्षरं काही केल्या वाचता येईनात, म्हणून हे मोठ्या अक्षरांचं, खाली तळटीपा आणि बाजूच्या रकान्यात संदर्भ असलेलं ऑनलाइन मागवलं. सहा महिने झाले, घरात रोज उघडलं जातं, म्हणून आता लिहितेय.

अक्षर खरंच मोठं आणि ठळक आहे, आई खिडकीशी बसून आरामात वाचते. झिपचं कव्हर, खुणेला दोन फिती. कागद मात्र पातळ, मागच्या पानावरचं पुढे दिसतं, त्यामुळे पेनाने खुणा करू नका, पेन्सिलच बरी. वजनही भरपूर, आई मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवते. आणि आमची प्रत कोपरा दुमडूनच आली, पॅकिंग अगदीच साधं होतं.

पण मला खरं सांगायचंय ते संदर्भांबद्दल. संडे स्कूलला यंदा माझ्याकडे ‘देवाचं राज्य’ हा विषय आला, मुलं सातवी-आठवीची. राज्य म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे नकाशा येतो, महाराष्ट्र, राजधानी मुंबई. आणि मोठ्यांचं तरी काय वेगळंय, मी स्वतः लहानपणापासून देवाचं राज्य म्हणजे वर कुठेतरी, मेल्यावर जायची जागा असंच धरून चालले होते.

तयारी करताना मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या जीवनाबद्दलच्या पुस्तकाचा) 19 वा अध्याय काढला. 23 व्या वचनात धनवानाला ‘स्वर्गाच्या राज्यात’ जाणं कठीण आहे म्हटलंय आणि लगेच 24 मध्ये, उंटाला सुईच्या नेढ्यातून जाणं त्याहून सोपं असं म्हटलंय, तिथे शब्द आहेत ‘देवाच्या राज्यात’. लागोपाठच्या दोन वचनांत दोन नावं आणि गोष्ट एकच! इतकी वर्षं वाचतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं. बाजूच्या रकान्यात मार्क आणि लूक या दुसऱ्या दोन शुभवर्तमानांत हाच प्रसंग कुठेय ते दिलंय, तिकडे पाहिलं तर दोन्हीकडे ‘देवाचे राज्य’. ‘स्वर्गाचे राज्य’ हा शब्दप्रयोग नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, फक्त मत्तय वापरतो, यहुदी लोक आदरापोटी देवाचं नाव घ्यायचं टाळायचे म्हणून तो स्वर्ग म्हणतो असं बरेच अभ्यासक सांगतात. मागच्या शब्दसूचीत मूळ ग्रीक शब्द दिलाय बासिलेया, त्यात राजाची सत्ता, त्याचं राज्य करणं हा अर्थ आधी येतो, प्रदेश नंतर.

हे आईला वाचून दाखवलं तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो ना गं, ‘आम्हाला तिकडे ने’ असं कुठे म्हणतो?” मी बघतच राहिले. पुढची ओळ पण तीच की, जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. यावरून मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले, त्यांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची येशूच्या शिष्यांची मंडळी सुरू केली, बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा) घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. मला दरबार हा शब्द फार जवळचा वाटतो, दरबार म्हटलं की राजा लोकांमध्ये येऊन बसलेला दिसतो.

लूक 17:21 ची तळटीप पण चांगली आहे. वर छापलंय राज्य ‘तुमच्यामध्ये आहे’, खाली दिलंय ‘किंवा तुमच्या अंतर्यामी’. मला वरचंच पटतं, कारण प्रभू येशू परूश्यांशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांशी) बोलतोय, राजा त्यांच्यासमोर उभा आहे आणि ते विचारतायत राज्य कधी येणार. वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ समोर ठेवून विचार करू दिलाय हे मला आवडलं.

एका ठिकाणी मात्र निराशा झाली. मत्तय 13:33 मध्ये राज्य खमिरासारखं (पीठ फुगवणाऱ्या आंबवणासारखं) आहे असा दृष्टांत आहे, त्यातली बाई तीन मापं पिठात खमीर लपवते, तिथे माप म्हणजे किती यावर एक अक्षर नाही, खमीर शब्दाचा अर्थही नाही. मुलांना खमीर माहीतच नव्हतं. मी रात्री भिजवलेलं इडलीचं पीठ डब्यातून वर्गात नेलं, झाकण उघडलं तर पीठ पार कडेपर्यंत आलेलं, मग कळलं सगळ्यांना. आणि तीन मापं म्हणजे साधारण 36 लिटरच्या वर, म्हणजे वीसएक किलो पीठ, अख्ख्या गावजेवणाचं! चिमूटभर खमीर सगळं फुगवतं, तेही आतून, कुणाला दिसत नसताना. राज्य आलंय पण आणि अजून पुरतं यायचंय पण, हे एरवी इतकं अवघड वाटणारं त्या डब्याने सोपं केलं. इतका मोठा मुद्दा बिनटिपेचा सोडायला नको होता.

तरी घ्या असंच सांगेन, विशेषतः घरात वयस्कर माणूस असेल किंवा तुम्ही शिकवत असाल तर. वर्गासाठी मी दुसरी प्रत घेणारे, पण यावेळी दुकानात जाऊन, पानं चाळून, कोपरे बघून.