गिबिसेप्स की रॉयल : मोठा प्लेको निवडताना

मोठा प्लेको, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा शोभेचा मासा, पाळायचा हे एकदा ठरले, की निवड बहुधा गिबिसेप्स आणि रॉयल या दोन जातींपाशी येऊन थांबते. मी दोन्ही पाळले आहेत, त्यामुळे पुढचे मत अनुभवाचे आहे, मोजमापाचे नाही.

बोटाएवढी पिल्ले नुसत्या ‘सकर’ या नावाखाली विकायला ठेवलेली असतात, तेव्हा मासा पाठीवरचा पर उभारेपर्यंत थांबावे. गिबिसेप्सच्या परात कडक काट्यामागे १० किंवा त्याहून अधिक मऊ काड्या असतात. रॉयलच्या परात साधारण ७. रॉयलचे तांबडे डोळे आणि अंगावरच्या लांबट रेघाही चुकत नाहीत. गिबिसेप्स ५० सेंटिमीटरपर्यंत जातो, रॉयल थोडा कमी आणि फारच सावकाश वाढतो, पण टाकी दोघांनाही मोठीच लागते.

रूपात रॉयल निःसंशय सरस आहे. रात्री दिवे मालवल्यावर लाकूड खरवडण्याचा त्याचा तो करकर आवाज ऐकत मी कितीतरी वेळ बसलो आहे. अडचण मात्र त्याच आवाजातून निघते. चमच्यासारख्या दातांनी खरवडलेले लाकूड त्याच्या पोटातून जवळजवळ तसेच बाहेर पडते, आणि तो तपकिरी भुसा तळाशी साचण्याआधीच कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेर ठेवलेल्या बंद डब्यातल्या गाळणीच्या) स्पंजात जाऊन बसतो. माझ्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी फिल्टरची धार करंगळीएवढी बारीक होई. स्पंज पिळला की बादलीतले पाणी चहासारखे दिसे. लाकूड काढून टाकावे, तर ते त्याला हवेच. नुसत्या काकडी-भोपळ्यावर त्याला ठेवणे मला योग्य वाटले नाही. महिनाभरासाठी आवडते ते काम वर्षभर करताना कंटाळवाणे होते, हे कबूल करायला हवे.

गिबिसेप्स निर्दोष आहे असे नाही. त्याची विष्ठाही भरपूर असते, रोपे तो उपटतो, आणि चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर रात्री चाटण्याची सवय काहींना लागते. डिस्कस (असेच चपटे, संथ मासे) असतील तर मी तरी त्याला त्यांच्यासोबत ठेवणार नाही. पण त्याची घाण लांब दोऱ्यांसारखी तळाशी पडते आणि आठवड्याचे पाणी बदलताना नळीने ओढून घेता येते.

ज्यांच्याकडे वरून सहज बदलता येणाऱ्या गाळणीचा संप (पाणी गाळण्यासाठी जोडलेली वेगळी टाकी) आहे, त्यांना रॉयलचा भुसा कदाचित जाणवणारही नाही. माझा रॉयल शेवटी अशाच एका टाकीत गेला. त्याला पकडताना गालांवरचे काटे जाळीत असे रुतले, की जाळी कात्रीने कापावी लागली. आता गिबिसेप्सला हलवायचे झाले, तर मी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबाच पाण्यात धरतो.