‘सेटिंगला हात लावू नका’ म्हणाला, आणि मी लावला नाही

बास ड्रम पायाने वाजवायच्या सेकंडहँड पेडलमध्ये माझे ११,५०० रुपये गेले. लिहायची लाज वाटते, कारण बारा वर्षं वडोदऱ्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतोय, चार पोरांना शिकवतोही. पण गेल्या आठवड्यात त्यातल्याच एकाने मला ते विकणाऱ्या माणसाचीच जाहिरात दाखवून ‘काका, घेऊ का?’ विचारलं. आता गप्प बसणं बरं नाही.

नवरात्र अठरा दिवसांवर आणि माझ्या जुन्या पेडलची चेन तुटलेली. जाहिरातीत होतं टामा कंपनीचं आयर्न कोब्रा ९००, पॉवर ग्लाइड, १५,०००. फोनवर गडी अस्खलित मराठी बोलला. ‘दांडिया बाजारातले ना दादा तुम्ही? मग आपल्या माणसाला कमी करतो.’ ११,५०० ला ठरलं. २,००० टोकन तिथल्या तिथे यूपीआयने, ९,५०० रोख. टोकन कुणालाही देऊ नका. ते दिलं की माणूस वस्तू बघायला जात नाही, आणायला जातो.

मांजलपूरला भाड्याची खोली. बास ड्रममध्ये उशी कोंबलेली, स्पीकरवर मोठ्याने गाणं चालू, पेडल आधीच हूपला, म्हणजे ड्रमच्या कडेला, लावून ठेवलेलं. तेव्हा वाटलं, काय हौशी माणूस आहे! दोन मिनिटं वाजवलं. झकास लागत होतं, फक्त स्प्रिंग फार कडक. मी खिशातल्या ड्रम-कीकडे हात नेला.

‘सेटिंगला हात लावू नका दादा, मुंबईच्या माणसाकडून करून घेतलीय. बिघडली तर परत बसायची नाही.’

अरे, पेडलची सेटिंग म्हणजे काय घड्याळाचं मशीन आहे? स्प्रिंगचा नट फिरवायचा, लॉकनट आवळायचा, बीटरची, म्हणजे ड्रमवर आपटतो त्या दांड्याची, उंची आणि कोन बघायचा, झालं. बावीस इंची ड्रम असेल तर बीटर हूपपासून अकरा इंचावर, मध्याच्या आसपास बसला की पुरे. ज्याचा पाय त्याची सेटिंग, हे मीच पोरांना सांगतो. आणि मी खिशातून रिकामा हात बाहेर काढला.

त्याहून वाईट म्हणजे कॅम, चेन ज्यावरून फिरते ते चाक. पॉवर ग्लाइडचा कॅम पूर्ण गोल नसतो, म्हणून शेवटी शेवटी बीटरला जोर येतो. गोल असतो तो रोलिंग ग्लाइडचा. माझ्यासमोरचा बांगडीसारखा गोल होता. दिसला मला! पाय ठेवायच्या पट्टीखालची कॉइलही नव्हती. विचारलं तर ‘आवाज करायची, काढून टाकली.’ बरं, म्हटलं. घाई होती, सीझन तोंडावर होता, समोरचा मराठी होता. तुम्हीही घेतलं असतं.

घरी आलो. गरब्यात तास न् तास वाजवायचं, म्हणून मी स्प्रिंग मध्यम ठेवतो. दोन आटे सैल केले आणि बीटर डावी-उजवीकडे डुलायला लागला. बेअरिंग पार गेलेलं. कडक स्प्रिंगने ते दाबून धरलं होतं. क्लॅम्प उघडला तर बोल्टचे आटे झिजलेले, आणि पकड यावी म्हणून जबड्यात लग्नपत्रिकेची घडी फेविक्विकने चिकटवलेली. ‘श्री गजानन प्रसन्न’ एवढं सोनेरी अक्षरांत वाचता येत होतं. नावाची पट्टी नखाने निघाली. मेकॅनिकने ३५० रुपये घेऊन सांगितलं, भंगार आहे.

घेताना पेडल हूपवरून काढून हातात घ्या. बीटरला टिचकी मारा. बेअरिंग चांगलं असेल तर तो बराच वेळ मोकळा झुलत राहतो. दांडी धरून आडवी हलवा. गाणं बंद करायला सांगा, खडखड त्यातच लपते.

फोन अर्थातच बंद. पोलिसांकडे गेलो. ‘तमे जोईने लीधुं ने? तो छेतरपिंडी शेनी?’ म्हणजे बघूनच घेतलंत ना, मग फसवणूक कसली? दुसऱ्या दिवशी सांगितलं, ऑनलाइन दिलेत तेवढ्याचंच बघू, म्हणजे २,०००, आणि बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. आणलं. तर ज्यांना द्यायचं ते साहेब बंदोबस्ताला. कसल्या? गरब्याच्या! तिसऱ्या खेपेला नवीनच माणूस होता, तो म्हणाला अर्ज गुजरातीत लिहून आणा. ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो तर विकणारा दुकानदार नाही, इथे बसत नाही. जाहिरातवाल्या अॅपला फोटो पाठवले, स्क्रीनशॉट पाठवले, लग्नपत्रिकेचासुद्धा पाठवला. उत्तर आलं: ‘आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.’ एवढ्या सगळ्यात मला मात्र प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, बिल घेतलं नाहीत का? सेकंडहँडचं बिल कोण देतं हो? निदान विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो घ्या. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर चहा पीत बसू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी चार दिवस त्याच्या फोनची वाट बघितली.

शेवटी ७,८०० चं नवं साधं पेडल घेतलं, बिलासकट. त्या भंगारातला बीटर तेवढा चांगला निघाला. त्याच्यावरच नऊ रात्री काढल्या.