तुरिनचं श्राउड म्युझियम: मूळ कापड दिसत नाही, तरीपण नक्की जा

आधीच सांगते, येशूचं कफन (श्राउड) म्हणून जे कापड मानतात ते इटलीतल्या तुरिनच्या कॅथेड्रलमध्ये बंद पेटीत आहे आणि एरवी कोणालाच दाखवत नाहीत, मोठं जाहीर दर्शन झालं ते २०१५ ला. गोव्यात झेवियरच्या शवप्रदर्शनाला निदान दहा वर्षांनी तरी नंबर लागतो, इथे तेही ठरलेलं नाही. आम्ही चौकशी न करताच गेलो आणि झाकलेली पेटी बघून आई म्हणाली, "हे बघायला एवढी लांब आणलंस?"

वर आमच्या वॉकिंग टूरच्या गाइडने (कंपनीचं नाव घेत नाही) "हे येशूचंच, नासाने प्रूव्ह केलंय" असं ठोकून दिलं. म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाची शाखा इथेपण आहे तर!

दुसऱ्या दिवशी म्युझियमला गेलो आणि पैसे वसूल. सेकोंदो पिया म्हणून एक वकील, फोटोग्राफीची हौस, त्याने मे १८९८ ला या कापडाचा फोटो काढला आणि फोटोची काच डेव्हलप केल्यावर निगेटिव्हमध्ये अख्खा चेहरा उमटला, कापडावर बघाल तर नुसते फिके तपकिरी डाग. तो कॅमेरा इथे आहे, मी त्याच्यासमोरच जास्त वेळ उभी होते.

लागूनच्या चर्चमध्ये पूर्ण मापाची प्रतिकृती आहे, साधारण ४.४ मीटर बाय १.१, म्हणजे पाचवारीला जरासं कमी, पन्हा साडीएवढाच. आई वीण बघत बसली, माशाच्या काट्यासारखी तिरकी. मग तिला दोन्ही बाजूंनी रांगेत जळकी भोकं दिसली. १५३२ ला आताच्या फ्रान्समधल्या शांबेरीला आग लागली तेव्हा मूळ कापड तिथे घडी करून चांदीच्या पेटीत होतं आणि वितळलेली चांदी घड्यांतून आरपार गेली. मी सांगायच्या आधीच आई म्हणाली, घडीच्या साडीवर निखारा पडला की उलगडल्यावर असंच दिसतं. नन्सनी लावलेली ठिगळं २००२ मध्ये काढली.

आता खरं की खोटं? १९८८ ला ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना अशा तीन लॅबनी कार्बन डेटिंग केलं, उत्तर आलं १२६० ते १३९०. फ्रान्समधल्या लिरे गावात हे कापड पहिल्यांदा दिसतं तेही चौदाव्या शतकातच, आणि १३८९ ला त्र्वाच्या बिशपने पोपसाठी लिहून ठेवलंय की हे रंगवलेलं आहे, चित्रकाराने स्वतः कबूल केलंय. मानणारे म्हणतात नमुना नंतर दुरुस्त केलेल्या कोपऱ्यातला होता, शिवाय त्या काळच्या चित्रांत खिळे तळहातात असतात, इथे जखम मनगटाशी, म्हणजे हे तेव्हाच्या चित्रकाराचं काम नाही. हा मनगटाचा मुद्दा भारी आहे, पण मला तारीखच पटते. आईला नाही पटली, हॉटेलपर्यंत वाद चालू होता.

पाचपैकी साडेचार. दोन तास तरी काढा, आणि आधी म्युझियम मग कॅथेड्रल, आमच्यासारखं उलटं नको.