सतरा दिवस न सापडलेला चेक: सोलापुरातील एका बँक शाखेचा अनुभव

नोव्हेंबर २०२५ मध्ये सोलापुरातील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत मी भरलेला ८४,५०० रुपयांचा चेक सतरा दिवस खात्यात जमा झाला नाही. त्यांपैकी सोळा दिवस ‘थांबा, येईल’ एवढेच ऐकण्यात गेले आणि सतराव्या दिवशी एका अधिकारी बाईंनी मनावर घेतल्यावर रक्कम वीस मिनिटांत सापडली. या शाखेच्या सेवेला मी पाचपैकी तीन तारे देते आहे, त्याचा हिशेब या दोन आकड्यांत आला. शाखेचे नाव मात्र लिहीत नाही, कारण ज्यांनी टाळले आणि ज्यांनी काम केले त्यांची टेबले एकमेकांना लागून आहेत आणि नाव घेतले की दोघांना सारखाच बोल लागतो.

आमचे पूर्व भागात शालेय गणवेश शिवण्याचे लहानसे युनिट आहे. चौदा मशिनी, नगावर मजुरी घेणाऱ्या बहुतेक तेलुगूभाषक बायका आणि दर शनिवारी पगार, असा कारभार. बाहेरच्या माणसाला सोलापूर म्हटले की चादर आणि टॉवेल आठवतात. पण गणवेशाच्या धंद्यावरही या शहरातली बरीच घरे चालतात आणि या धंद्याची खोड अशी, की माल मे-जूनमध्ये घाईने न्यायचा आणि पैसे सवडीने द्यायचे. कलबुर्गीच्या एका शिक्षणसंस्थेने जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे दिवाळी उलटल्यावर दिले, तेही चेकने. यूपीआयच्या दिवसांत चेक कोण देते, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या ट्रस्टशी व्यवहार करून पाहावा. तेथे दोन विश्वस्तांच्या सह्या झाल्याशिवाय रुपया हलत नाही आणि सह्या करायला कागद लागतोच.

मंगळवारी, ११ नोव्हेंबरला सकाळी साडेअकराच्या सुमारास मी शाखेत गेले. दाराजवळ चेक टाकण्याची पेटी आहे, परंतु मी पेटीत चेक टाकत नाही. ग्राहकाने काउंटरवर चेक दिला तर शाखेने तो घेऊन भरणा स्लिपवर पोच दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे आणि पेटीवरही तशी सूचना लिहिलेली असावी लागते. त्या दिवशी काउंटरवर मोठी रांग होती. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना असल्याने नातवंडांचा हात धरून आलेले वृद्ध, आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि बोटांचे ठसे न उमटल्यामुळे पुन्हा पुन्हा यंत्रावर अंगठा दाबणाऱ्या बिडी कामगार आजीबाई, अशा गर्दीत एकच लिपिक दोन खिडक्यांचे काम पाहत होते. त्यांनी माझ्या अर्ध्या स्लिपवर शिक्का मारून दिला. चेकच्या मागे मी खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला होता. ही सवय मला वडिलांनी लावली आणि पुढे तीच उपयोगी पडली.

आता हा चेक नियमाप्रमाणे कसा जायला हवा होता, ते सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाची किल्ली त्यात आहे. पूर्वी कलबुर्गीचा चेक म्हणजे ‘बाहेरगावचा चेक’. तो टपालाने तिकडे जाई, वटून परत येईपर्यंत पंधरवडा मोडत असे आणि वर वसुलीचा आकार लागत असे. चेक ट्रंकेशनची पद्धत १ फेब्रुवारी २००८ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि हळूहळू देशभर पसरली, तेव्हापासून कागद प्रवास करीत नाही, फक्त त्याची प्रतिमा जाते. मूळ चेक ज्या शाखेत भरला त्या बँकेकडेच राहतो आणि तो तिने दहा वर्षे जपून ठेवायचा असतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर दिवसातून ठरावीक वेळी गठ्ठे पाठवण्याची रीतही गेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चेक जसजसे येत तसतसे स्कॅन होऊन पुढे जात असत आणि ज्या बँकेवर चेक काढलेला आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. न कळवल्यास चेक मान्य झाला असे धरले जाते. साडेअकराला भरलेल्या चेकचे भवितव्य त्यामुळे मंगळवारी रात्रीपर्यंत ठरायला हवे होते.

गुरुवारी मी चौकशीला गेले तेव्हा ‘क्लिअरिंगला दोन-तीन दिवस लागतातच’ असे उत्तर मिळाले. नवी पद्धत सुरू होऊन सव्वा महिना झाला होता आणि तिच्या माहितीचा फलक त्याच भिंतीवर लावलेला होता. शनिवारी पुन्हा गेले. ‘पार्टीच्या खात्यात पैसे नसतील, त्यांना विचारा’ असे सांगण्यात आले. त्या संध्याकाळचे पगार मी घरातल्या पैशांतून भागवले. आमच्याकडे सर्वांत जुन्या असलेल्या कामगार बाईंनी ‘अक्का, माझे पुढच्या आठवड्याला दिले तरी चालेल’ असे म्हटले, तेव्हा मला जास्तच संकोच वाटला.

सोमवारी कलबुर्गीच्या संस्थेच्या हिशेबनिसांनी त्यांच्या बँक विवरणाचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. चेक क्रमांक तोच, रक्कम तीच आणि तारीख ११ नोव्हेंबर. म्हणजे त्यांच्या खात्यातून पैसे त्याच दिवशी गेले होते. हे छायाचित्र मी काउंटरवर दाखवले, तेव्हा लिपिकांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, ‘मॅडम, मग मूळ चेक कलबुर्गीला गेला असणार, तिकडूनच तपास करा.’ नव्या पद्धतीत मूळ चेक कोठेही जात नाही, तो त्यांच्याच कपाटात पडलेला असणार, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाचे पासबुक घेतले. सतरा दिवसांत मला खरोखर राग आला असेल तर तो या क्षणी. चूक कोणाच्याही हातून होते. पण पैसे एका खात्यातून निघाले आहेत आणि दुसऱ्यात पोहोचलेले नाहीत, असा पुरावा समोर असताना ते मध्ये कोठे अडकले, असा प्रश्न बँकेत बसलेल्या माणसाला पडू नये, याचे नवल वाटते.

मंगळवारी, १८ तारखेला या प्रकरणाला दुसरे शेपूट फुटले. कापड व्यापाऱ्यांना मी दिलेला चेक ‘अपुरी शिल्लक’ या कारणाने परत गेला आणि माझ्या खात्यावर करासह ५९० रुपयांचा दंड पडला. कापडाच्या बाजारात परत गेलेल्या चेकची बातमी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत सगळीकडे पोहोचते. व्यापारी जुने असल्याने त्यांनी फोन करून ‘ताई, काही अडचण आहे का?’ एवढेच विचारले. नवखे असते तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालची, म्हणजे चेक न वटल्याबद्दलची कायदेशीर नोटीस आली असती.

बुधवारी मी लेखी अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का घेतला. अर्जाला भरणा स्लिपची प्रत, संस्थेचे विवरण आणि परत आलेल्या चेकचा मेमो जोडला. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी तोंडी चौकशीत मी घालवला तसा आठवडा घालवू नये, पहिल्या दिवशीच अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार नेण्यापूर्वी बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस वाट पाहावी लागते आणि ते दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात. तोंडी चौकशीचे दिवस कोणी मोजत नाही. लोकपालांकडे जाण्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. माझ्या अर्जावर ‘वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला आहे’ असे आठवडाभर ऐकायला मिळाले आणि अ‍ॅपवरील तक्रार तर ‘समाधान झाले’ असा शेरा मारून परस्पर बंद करण्यात आली. समाधान कोणाचे झाले, हे त्यात नमूद नव्हते.

दरम्यान कलबुर्गीच्या हिशेबनिसांनी स्वतःहून एक मोलाचे काम केले. त्यांनी आपल्या बँकेकडून वटलेल्या चेकच्या दोन्ही बाजूंच्या प्रतिमेची छापील प्रत मागवली आणि २७ तारखेला मला पाठवली. पाठीमागच्या बाजूला माझ्या अक्षरातला खाते क्रमांक स्वच्छ दिसत होता आणि त्याखाली आमच्याच शाखेचा शिक्का होता.

शुक्रवारी ही प्रत घेऊन मी काउंटरवर न थांबता थेट उपव्यवस्थापक बाईंच्या टेबलापाशी गेले. त्या एका वृद्ध बाईंना हयातीच्या दाखल्याविषयी तेलुगूतून समजावून सांगत होत्या. ते पूर्ण होईपर्यंत त्यांनी मला बसायला सांगितले आणि नंतर माझे कागद ओळीने वाचले. मला एकच प्रश्न विचारला: ‘भरणा कोणत्या तारखेचा?’ मग त्यांनी ११ नोव्हेंबरची क्लिअरिंगची यादी उघडली आणि नावाने किंवा खाते क्रमांकाने न शोधता रकमेने शोध घेतला. ८४,५०० ची नोंद लगेच मिळाली. तिच्यासमोरचा खाते क्रमांक जवळजवळ माझाच होता, फक्त शेवटून तिसरा आणि चौथा हे दोन आकडे उलटसुलट झाले होते. त्या क्रमांकाचे खाते पूर्वीच बंद झालेले असल्याने रक्कम त्यात जाऊ शकली नव्हती आणि प्रणालीने ती शाखेच्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे ठिकाणा न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यात, टाकली होती. म्हणजे पैसे सतरा दिवस याच शाखेच्या पुस्तकात, मी ज्या खुर्चीवर बसत होते तिच्यापासून दहा फुटांवर होते. सस्पेन्समधल्या नोंदी रोज मिळवून पाहायच्या असतात, हे बाईंनीच मला सांगितले आणि नोव्हेंबरच्या गर्दीत ते राहून गेले, अशी सारवासारव त्यांनी केली नाही. ‘आमची चूक आहे’ असे त्या म्हणाल्या. हे तीन शब्द मी तोवर त्या इमारतीत ऐकले नव्हते.

पैसे त्याच दुपारी जमा झाले. भरपाईचा विषय मी काढला, तेव्हा शेजारच्या टेबलावरून ‘चालू खात्याला व्याज नसते’ असा आवाज आला. बाईंनी बँकेचे चेक वसुली धोरण संगणकावर काढून दाखवले. खाते चालू असो वा बचत, स्थानिक क्लिअरिंगमधील चेक बँकेच्या दोषामुळे उशिरा जमा झाला तर विलंबाच्या काळाचे बचत खात्याच्या दराने व्याज द्यायचे, असे त्यात लिहिले होते. अडीच टक्के दराने ८४,५०० रुपयांवर सतरा दिवसांचे व्याज ९८ रुपये ३९ पैसे झाले. रक्कम पाहून आम्ही दोघीही हसलो, पण मी ती सोडली नाही आणि सोडू नये असेच माझे मत आहे, कारण व्याज द्यावे लागले की विलंबाची नोंद बँकेच्या स्वतःच्या दप्तरात होते.

त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी मी लेखी मागितल्या. पहिली, ५९० रुपयांचा दंड परत करावा. तो चार दिवसांनी परत आला. दुसरी, माझा चेक ज्या कारणाने परत गेला तो बँकेचा दोष होता, असे शाखेच्या शिक्क्यानिशी पत्र द्यावे. या पत्रासाठी शाखा व्यवस्थापकांनी थोडे आढेवेढे घेतले, मसुद्यात ‘तांत्रिक कारणामुळे’ असे शब्द घातले. ‘खाते क्रमांकाची नोंद शाखेकडून चुकीची झाल्यामुळे’ असे लिहून मिळेपर्यंत मी उठले नाही. ते पत्र मी कापड व्यापाऱ्यांना नेऊन दिले. त्यांनी वाचले, घडी घालून गल्ल्यात ठेवले आणि पुढचा माल नेहमीच्या उधारीवर दिला.

दोन तारे कापले आहेत ते चुकीसाठी नव्हेत. एक तारा चौकशीच्या खिडकीचा आहे, कारण तेथे बसलेल्यांना नवी क्लिअरिंग पद्धत माहीत नव्हती आणि माहीत नसल्याचे त्यांनी कबूलही केले नाही. दुसरा तारा अ‍ॅपवरील तक्रार निवारणाचा, ज्याचे वर्णन वर आले आहे. राहिलेल्या तीन ताऱ्यांतला निम्म्याहून मोठा वाटा उपव्यवस्थापक बाईंचा असून त्यांच्या बदलीनंतर हा आकडा असाच राहील, याची हमी मी देत नाही.

१२ डिसेंबरला त्याच संस्थेचा उरलेल्या ३१,२०० रुपयांचा चेक मी त्याच काउंटरवर भरला. लिपिक तेच होते. त्यांनी मला पाहिले, चेक उलटा केला, खाते क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचत संगणकावर घातला आणि पडदा माझ्याकडे वळवून विचारले, ‘ताई, बरोबर आहे ना?’ सायंकाळी सात वाजायच्या आत जमा झाल्याचा संदेश आला.