आजीचं भिडं, आठ महिन्यांनंतर (आणि मधला तो चट्टा)

डिसेंबरात गावाहून, कुडाळजवळच्या घरातून, आजीचं भिडं घेऊन आले. भिडं म्हणजे बिडाचा, ओतीव लोखंडाचा तवा, आमच्याकडे घावण्यांचा. आजी गेल्यावर नऊ-दहा वर्षं पडवीत पडून होतं, कोकणातले तेवढे पावसाळे खाल्लेले, त्यामुळे गंज नुसता वरवरचा नव्हता, हात लावला की तांबडा चुरा पडत होता. आत्या म्हणाली भंगारात दे. मी आधी कानाला धरून उचललं आणि कालथ्याने टकटक केलं. खणखणीत आवाज आला. बिडाला तडा असेल तर आवाज बसका येतो आणि मग कितीही मेहनत केलीत तरी उपयोग नाही, एक दिवस गॅसवर दोन तुकडे. त्यामुळे जुनं काही आणणार असाल तर पहिलं हे करा, गंज नंतर बघा.

आईचं म्हणणं, चुलीत टाक, लाल होऊ दे, सगळं जळून जाईल. आमच्याकडे पूर्वी असंच करायचे हे खरं, पण बीड ठिसूळ असतं, एकदम भडक आच लागली की वाकडं होतं नाहीतर तडकतं, म्हणून मी ऐकलं नाही. डोंबिवलीला आणून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं केलं, पसरट टबात भिडं बुडवलं, अर्ध्या तासाने काढून तारेच्या काथ्याने घासलं, परत अर्धा तास, असं तीनदा. रात्रभर ठेवायचं नाही हे नीट लक्षात ठेवा, कारण व्हिनेगर गंज संपला की थांबत नाही, खालचं लोखंडही खायला लागतं. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांची कढई सकाळपर्यंत ठेवली होती, तिला आतून देवीच्या वणासारखे खड्डे पडलेत.

घासून झालं की भिडं करड्या रंगाचं दिसतं आणि वाटतं झालं. धुऊन नुसतं पुसून ओट्यावर ठेवलं तर पाच मिनिटांत डोळ्यांदेखत केशरी झाक चढते, मी पाहिलंय. लगेच गॅसवर कोरडं करायचं आणि गरम असतानाच तेलाचा हात.

इथे मी एक गोष्ट केली ज्याचा राग मला अजून आहे. मधोमध एक जाड खपली घासून निघत नव्हती, म्हणून स्टेशनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. सांगितलं होतं की फक्त खपली काढा, हलक्या हाताने. त्याने ग्राइंडर लावून मधला तळहाताएवढा भाग आरशासारखा चकचकीत केला आणि तीनशे रुपये घेतले. मी म्हटलं हे काय केलंत, तर म्हणे मॅडम, फिनिशिंग एकदम नवीन करून दिलं. बिडाचं जे खरखरीत अंग असतं, वाळूच्या साच्यातून आलेलं, त्याला तेलाचा थर, म्हणजे तेल तापून बसणारा तो कडक लेप ज्याच्यामुळे घावणा चिकटत नाही, चांगला धरतो. ते घासून आरशासारखं गुळगुळीत केलं की थराला पकड कमी मिळते. शिवाय तिथे हलका खोलगटपणा आला तो वेगळाच, पीठ ओतलं की मध्ये डबकं. पैसे परत मागितले, अर्धा तास वाद घातला, एक रुपया दिला नाही. तीनशे रुपयांत माझी व्हिनेगरच्या बाटल्यांची, काथ्याची, तेलाची सगळी खरेदी झाली असती.

मग तेलाचे थर. मी इंटरनेटवर वाचून जवसाचं तेल आणलं, महागाचं, छोटी बाटली. जवसाचं तेल लवकर सुकून कडक होतं, रंगकामात वापरतात ते त्याचसाठी, म्हणून तव्यालाही सगळ्यात चांगलं असा हिशोब. सहा थर दिले. काय दिसत होतं! काळंभोर, आरशासारखं. सगळ्यांना फोटो पाठवले. पहिले पंधरा दिवस घावणे असे सुटत होते की कालथा लावायची गरज नाही, आणि तेव्हा मी हा अनुभव लिहिला असता तर पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या घावण्याला काळे कण चिकटलेले दिसले. उलथून पाहिलं तर मधल्या चट्ट्यावरून थर माशाच्या खवल्यासारखा सुटत होता, नखाने उचलला की पापुद्रा यायचा. दोन दिवसांत कडेपर्यंत पसरलं. सगळं घासून परत करड्यावर आणावं लागलं.

दुसऱ्या खेपेला घरातलंच करडईचं रिफाइंड तेल घेतलं. आणि यावेळी तेलापेक्षा पुसण्याकडे लक्ष दिलं. चमच्याच्या टोकाएवढं तेल, बाबांच्या जुन्या बनियनच्या फडक्याने सगळीकडे, मागच्या बाजूला, कानांनासुद्धा. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते सगळं पुसून काढायचं, जणू तेल लावलंच नव्हतं. हात फिरवला तर बोटाला ओल लागता कामा नये. मग मध्यम आचेवर धूर येईपर्यंत आणि धूर थांबेपर्यंत, माझ्याकडे वीस मिनिटं लागतात, खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू. पूर्ण गार झालं की पुढचा थर. जवसाच्या वेळी मी थर जाड दिले होते, चिकचिकीत चकाकी आवडली म्हणून, आणि जाड थर वरून सुकतो, खाली कच्चा राहतो. त्यामुळे सगळा दोष जवसालाच देणार नाही. तरी त्या पैशांत परत घेणार नाही.

करडईचे पाच थर दिल्यावर रंग काळा नाही, गडद तपकिरी आला. दिसायला आधीच्यापेक्षा कमी. पण सुटला नाही, आजतागायत नाही. मधला चट्टा सोडून.

त्या चट्ट्यावर मी चार महिने घालवलेत. बाकी सगळीकडे घावणा सुटायचा आणि मध्ये तळहाताएवढा भाग धरून बसायचा. अर्धा कांदा काट्याला टोचून तेल लावलं, नारळाच्या शेंडीने लावलं, पीठ पातळ केलं, जाड केलं, फक्त मधल्या भागाला वेगळे तीन थर दिले. प्रत्येक चिकटलेल्या घावण्याला त्या ग्राइंडरवाल्याचं नाव घेतलं.

एप्रिलमध्ये आईने सुचवलं म्हणून भिडं गरम करत ठेवलं आणि त्यावर कोरडं तांदळाचं पीठ भुरभुरवलं, चाळणीने, एकसारखं. दोन मिनिटांनी बांगडीएवढं तांबूस वर्तुळ उमटलं आणि वर्तुळाच्या आत पीठ पांढरंच! माझ्या मोठ्या बर्नरची ज्योत कडेला फुटते, मधे काहीच नाही, आणि बीड उष्णता हळूहळू पसरवतं, ॲल्युमिनियमसारखी झटकन नाही. म्हणजे मी घाईने दोन-तीन मिनिटांत पीठ ओतत होते तेव्हा मधला भाग थंडच असायचा. पीठ थंड लोखंडावर पडलं की धरणारच. आता छोट्या बर्नरवर मंद आचेवर दहा मिनिटं तापवते, पाण्याचा थेंब टाकला की तो टणाटण उडायला हवा, मग आच थोडी कमी करून घावणा, बाहेरून आत ओतत, वर झाकण. पहिल्याच दिवशी मधूनही सुटला. वर्कशॉपवाल्याने खड्डा केला हे खरंच आहे आणि तीनशे रुपयांचं मी विसरलेली नाही, पण चिकटण्याचं निम्मं खापर मी त्याच्यावर चुकीचं फोडत होते, हे इथे लिहायला हवं.

रोजच्या वापराचं सांगते. साबणाने धुतलेलं चालतं, भांड्यांच्या हल्लीच्या लिक्विडने पक्का थर जात नाही. भिजत ठेवलेलं मात्र अजिबात चालत नाही. राखेने घासू नका, राखेत खार असतो, तो तेलाचा थर उतरवतो. आंबट नको. भावाने एकदा टोमॅटो ऑम्लेट केलं आणि मधे करडा डाग पडला, दोन आठवडे भाकऱ्या केल्यावर परत काळा झाला. आमसुलाचं, चिंचेचं काही असेल तर दुसरं भांडं घ्या. वजन साडेतीन किलो आहे, आईला एका हाताने उचलवत नाही, ज्यांची मनगटं दुखतात त्यांनी विचार करून घ्या.

आणि पावसाळा. जुलैमध्ये अकरा दिवस गावी गेलो, भिडं तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. आल्यावर उघडलं तर कडेला केशरी ठिपके आणि खवट वास. पिशवीत आतली दमट हवा कोंडली, आणि तेल जास्त लागलं होतं ते चिकट झालं. माझा जीवच गेला, परत पहिल्यापासून करावं लागणार असं वाटलं. आत्याला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "भिड्याक रोज हात लागाक व्हयो गो." मग तिने सांगितल्याप्रमाणे जाडं मीठ आणि थोडं तेल घालून फडक्याने रगडलं, धुतलं, तापवलं, एकच पातळ थर दिला. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. आता कपाटात नाही, ओट्यावर वर्तमानपत्रावर उघडंच असतं.

आज आठवा महिना. रंग आता काळा झालाय, थर देऊन झाला नाही तेवढा रोजच्या घावण्यांनी आणि भाकऱ्यांनी झालाय. मधला चट्टा तळहातावरून रुपयाच्या नाण्याएवढा उरलाय आणि घावण्याला तिथे हलकी जाळी कमी पडते, खोलगटपणामुळे, ते आता तसंच राहणार. असाच तवा बाजारात बाराशेला सांगितला होता मला, आणि तो याच्यापेक्षा पातळ होता.

परवा भावाच्या सासरहून सात खळग्यांचं बिडाचं आप्पेपात्र आलंय, दोन खळगे पूर्ण गंजलेले. टकटक करून पाहिलं, आवाज चांगला आहे. खळग्यांत खपली आहे, बोटाएवढ्या काठीला काथ्या गुंडाळून हातानेच काढतेय, चार दिवस लागले तरी चालेल, ग्राइंडरखाली नेणार नाही.