कोलाड ते वेर्णा: ट्रक रेल्वेवर चढवून आठ महिने

माझ्या दोन गाड्या आहेत, दोन्ही दहा चाकी, कळंबोलीत उभ्या असतात. तळोज्यात माल भरायचा आणि गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये उतरवायचा, हे आमचं नेहमीचं काम. गेल्या ऑक्टोबरपासून त्यातल्या एका गाडीच्या बहुतेक फेऱ्या कोकण रेल्वेच्या रो-रोनं करतोय. ओळखीतला प्रत्येक गाडीवाला एकच विचारतो, "परवडतं का?" हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: भरलेला ट्रक ड्रायव्हर-क्लीनरसकट सपाट वॅगनवर चढवतात आणि मुक्कामाला उतरवतात. मालाला हात लागत नाही. हे काही नवं नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून खाली मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत सलग सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला, आणि बरोबर एका वर्षानं, 26 जानेवारी 1999 ला, कोलाड-वेर्णा रो-रो निघाली. पुढे ती सुरतकलपर्यंत गेली. लोकांकडून रोखे घेऊन बांधलेला मार्ग, त्याची परतफेड करायची तर नुसत्या प्रवाशांवर भागणार नाही, आणि वाटेत मोठे कारखाने मोजकेच. माल तर शेजारच्या महामार्गावरून ट्रकनं चाललाय. मग ट्रकच माल समजून उचलला. ज्याच्या डोक्यात हे आलं त्याला माझा नमस्कार.

कोलाडच का, हे मलाही आधी कळत नव्हतं. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, तिथून पुढे कोकण रेल्वेची हद्द, आणि हद्दीतलं पहिलंच स्टेशन कोलाड, तेही महामार्गाला लागून. कळंबोलीहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर रस्त्यानं जावंच लागतं. वेर्ण्याला मात्र स्टेशन आणि इस्टेट जवळजवळ, तिथे उतरलं की काम झालं.

कोलाडला आधी वजनकाटा, कारण भाडं वजनाप्रमाणे. दर बदलत असतात, ते तिथेच विचारा. मग उंचीची कमान. त्यानंतर रॅम्पवरून गाडी पहिल्या वॅगनवर घ्यायची आणि तशीच पुढे, वॅगनमागून वॅगन, ओळीच्या टोकापर्यंत चालवत न्यायची. दोन वॅगनमधल्या फटीवर लोखंडी पत्रे असतात. बाजूला कठडा नाही आणि वॅगन ट्रकपेक्षा फार रुंदही नाही. पहिल्या वेळी मी क्लीनरच्या सीटवर होतो, खाली बघितलं नाही. जागेवर लागली की गियरमध्ये टाकायची, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, साखळ्या. दोघांची तिकिटं काढायची आणि आपल्याच केबिनमध्ये बसायचं.

कमानीपाशी एकदा फजिती झाली, चूक माझीच. ड्रमच्या दोन थरांवर वर आणखी काही खोकी टाकली होती, ताडपत्री मधोमध फुगली. कमानीत अडकली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुढे बोगदे आहेत, आणि मार्च 2022 पासून सगळ्या मार्गावर विजेच्या तारा आहेत, 25,000 व्होल्टच्या. गाडी गेली रस्त्यानं. त्यामुळे एक लक्षात ठेवा: रस्सा, ताडपत्री, जे काय करायचं ते वॅगनवर चढण्याआधी. वर गेल्यावर टपावर पाय ठेवायचा नाही, ताडपत्री उडाली तरी नाही.

आता पैसे. भरलेली गाडी लिटरला चार देते, कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट धरले तर त्याहून कमी. कोलाड-वेर्ण्याला शंभर-एकशेदहा लिटर जळतात. ते डिझेल एका बाजूला आणि रेल्वेचं भाडं दुसऱ्या बाजूला ठेवलं तर माझ्या वहीत पारडं साधारण सारखं राहतं. फरक पडतो तो टायरांत. मागच्या दोन वर्षांत या गाडीचे पाटे (स्प्रिंगा) आणि टायर यांनी मला जेरीस आणलं होतं. या महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, त्यावर मी आणखी काय बोलू? आठ महिन्यांत एकही टायर फुटलेला नाही. ब्रेक लायनरही टिकलेत.

वेळ वाचेल या आशेनं येत असाल तर येऊ नका. रेल्वेचे 417 किलोमीटर, पण मार्ग बहुतेक एकेरी. समोरून राजधानी आली की मालगाडी बाजूच्या लाइनवर उभी. दहा-बारा तास धरायचे, चढ-उतार वेगळी. शिवाय गाडी सुटायच्या आत पोचायला हवं. एकदा एका कंपनीनं सकाळी भरायची गाडी संध्याकाळी चारला भरून दिली, इकडे जागा गेली. ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाला, दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणून कागद तरी वाचला. पावसाळ्याचा अनुभव मला थोडाच आहे, पण जूनपासून वेळापत्रकच बदलतं, वेग कमी करतात. दरडींचा भाग आहे, करायलाच हवा.

खरी गंमत ड्रायव्हरची. आमचा उस्ताद अठ्ठावीस वर्षं याच रस्त्यावर आहे. रो-रोचं नाव काढलं तेव्हापासून त्याची कुरकुर. कधी साखळ्या ढिल्या, कधी झोप लागत नाही, कधी "आपण काय पार्सल आहे का?" पहिल्या फेरीत रात्री फोन आला, "शेठ, हँडब्रेक लावलाय, पण पाय ब्रेकवरून निघेना." मी हसलो. तिसऱ्या-चौथ्या फेरीलाही कुरकुर चालूच, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फेरीला आम्ही डिझेल मोजून देतो, त्यातून जे वाचवेल ते त्याचं. वर वाटेतल्या ढाब्यांवर त्याची ओळख, जेवण जवळपास फुकट. गाडी रेल्वेवर चढली की हे सगळं बंद. मी माझे टायर मोजत होतो आणि त्याची कमाई कापत होतो. मग रो-रोच्या फेरीला वेगळी ठरावीक रक्कम लावली. ती लावल्यावर हिशोब पुन्हा केला, माझ्या खर्चाचं पारडं किंचित जड झालं. पण कुरकुर थांबली. कोणी रो-रो सुरू करणार असेल तर हे आधी करा, मग वजनकाट्यावर जा.

आता तो केबिनमध्ये अंथरूण टाकतो, डबा घेतो. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की आवाज केबिनमध्ये घुमतो, तेव्हा जाग येते म्हणाला, एरवी नाही. वेर्ण्याला उतरल्यावर पूर्वी हा माणूस डोळे लाल करून गेटवरच्या लोकांशी भांडायचा. आता चहा घेऊन रांगेत उभा असतो, आणि त्याच दिवशी परतीचा माल घ्यायला तयार असतो. पूर्वी एक रात्र गोव्यात मोडायची. माझ्या महिन्याच्या फेऱ्या वाढल्या त्या या रात्रीमुळे, वाचलेल्या डिझेलमुळे नाही.

2025 च्या गणपतीत कोलाड-वेर्णा कारसाठीही रो-रो सोडली होती, एका कारला 7,875 रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. शेजारी विचारत होते, यंदा जाऊ का? दोघं-तिघं जात असाल तर हिशोब जुळणार नाही, पण चालवायचा कंटाळा असेल तर बघा, एवढंच सांगितलं. आमच्या धंद्याचं गणित त्यांना लागू नाही.

माझी दुसरी गाडी बंद बॉडीची आहे, कमानीखालून जातच नाही. ती अजून कशेडीनंच जाते. तिचा ड्रायव्हर परवा म्हणाला, "उस्ताद झोपून जातो, मी काय पाप केलंय?" म्हणून आता रो-रोच्या गाडीवर एक आठवडा हा, एक आठवडा उस्ताद. जादा रक्कम मात्र दोघांनाही दर आठवड्याला हवी आहे, त्यावर बोलणी चालू आहेत.