घरची बिलं बँकेतून: स्वतः भरायची की परस्पर कापू द्यायची?

बँकेच्या साइटवर किंवा अ‍ॅपमध्ये ‘बिल भरा’ असं एकच बटण दिसतं, त्यामुळे पद्धतही एकच असावी असं वाटतं. त्यामागे मात्र दोन अगदी उलटे व्यवहार असतात. एकात तुम्ही बिल बघता आणि पैसे पाठवता. दुसऱ्यात तुम्ही एकदाच परवानगी देता आणि पुढे कंपनीच दर महिन्याला तुमच्या खात्यातून रक्कम उचलते. शिवाय दर महिन्याला तीच रक्कम बँकेने आपणहून पाठवावी अशी स्थायी सूचना देता येते आणि बँकेला बाजूला ठेवून थेट कंपनीच्या साइटवर जाऊन कार्डाने पैसे भरता येतात.

निवड करताना बहुतेक जण सोय बघतात, सवलत मिळते का ते बघतात. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: रक्कम चुकीची आली, तर पैसे जाण्याआधी ती घरातल्या कोणाच्या तरी नजरेला पडेल का? याचं उत्तर प्रत्येक बिलासाठी वेगळं निघतं, म्हणून सगळ्या बिलांना एकच पद्धत लावू नये असं मला ठामपणे वाटतं.

स्वतः पाठवणं

यात आधी कंपनी निवडून आपला ग्राहक क्रमांक नोंदवावा लागतो. इथे एक फरक नीट बघा. काही ठिकाणी क्रमांक टाकताच बँकेच्या पडद्यावर बिलच येतं: नाव, रक्कम, शेवटची तारीख. भारतातली भारत बिल पेमेंट यंत्रणा अशी चालते, कारण बँका आणि बिल देणाऱ्या कंपन्या एकाच जाळ्यात जोडलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात १९९७ पासून चालणाऱ्या बीपे या बिल भरण्याच्या यंत्रणेत कंपनीचा आणि ग्राहकाचा क्रमांक टाकून बँकेतून पैसे जातात. कंपनी अशा कुठल्याच जाळ्यात नसेल, तर बँक ते साधं हस्तांतरण म्हणून पाठवते. अमेरिकेत तर कंपनी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडलेली नसेल, तेव्हा तुम्ही ऑनलाइन दिलेल्या आदेशावरून बँक कागदी चेक छापून टपालाने पाठवते. पडद्यावर दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात, पण दुसऱ्याला काही दिवस लागतात.

म्हणून खात्यातून पैसे गेल्याची तारीख आणि कंपनीकडे ते जमा झाल्याची तारीख या वेगळ्या असू शकतात, हे कायम लक्षात ठेवा. दंड लागतो तो दुसऱ्या तारखेवरून. शेवटच्या दिवशी रात्री बिल भरून निश्चिंत झोपणाऱ्याला पुढच्या बिलात विलंब शुल्क दिसतं, ते यामुळेच. सुट्ट्या मध्ये आल्या तर हे अंतर आणखी वाढतं. मुदतीच्या तीन-चार कामकाजाचे दिवस आधी भरायची सवय लावली की ही काळजी मिटते.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे ताबा तुमच्याकडे राहतो. बिल दुप्पट आलं तर तुम्ही थांबता, मीटरचा आकडा तपासता, तक्रार करता, आणि तोवर पैसे खात्यातच असतात. कार्डाची माहिती दहा कंपन्यांकडे पसरत नाही. सगळ्या भरण्याची नोंद एका जागी राहते, त्यामुळे वर्षाच्या शेवटी विजेवर किती खर्च झाला हे शोधायला वेगवेगळ्या साइट धुंडाळाव्या लागत नाहीत.

तोटा एकच, पण मोठा: विसरायला होतं. आजारपण, प्रवास, घरातलं कार्य, कामाचा ताण, कारण काहीही असो, बिलाची तारीख थांबत नाही.

ग्राहक क्रमांकात एक आकडा चुकला, तर पैसे दुसऱ्याच्याच बिलात जमा होऊ शकतात. तुम्ही स्वतः दिलेला आदेश बँकेने बरोबर पाळलेला असल्याने ते परत मिळवणं कठीण जातं. क्रमांक टाकल्यावर नाव दिसत असेल तर ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाव दिसत नसेल आणि थोडी रक्कम स्वीकारली जात असेल, तर पहिल्यांदा थोडीच भरा आणि कंपनीच्या खात्यात ती दिसल्यावर उरलेली पाठवा.

परस्पर कापू देणं

ऑटो-डेबिटमध्ये विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. वर्षानुवर्षं बिलं भरण्याचा ताण डोक्यावर वागवणाऱ्या माणसाला यातून मिळणारी मोकळीक खरी आहे, तिला कमी लेखू नये. पण यात रक्कम कंपनी ठरवते आणि ती कंपनीच उचलते, म्हणून चूक झाल्यास काय संरक्षण आहे हे परवानगी देण्याआधी समजून घ्यायला हवं. आणि ते देशागणिक बरंच बदलतं.

युरोपच्या सेपा या युरोमधल्या बँक व्यवहारांच्या सामायिक व्यवस्थेत सामान्य ग्राहकाला पैसे कापल्यापासून ८ आठवड्यांच्या आत, कारण न सांगता, ते परत मागता येतात. परवानगीच दिली नव्हती, तर ही मुदत १३ महिन्यांची आहे. ब्रिटनमध्ये डायरेक्ट डेबिटची, म्हणजे तिथल्या ऑटो-डेबिटची, हमी आहे: कंपनीने रक्कम किंवा तारीख बदलायची असेल तर आगाऊ कळवावं लागतं, साधारणपणे १० कामकाजाचे दिवस आधी, आणि चुकून कापलेले पैसे बँकेने परत द्यायचे. अमेरिकेत ठरलेल्या तारखेच्या किमान ३ कामकाजाचे दिवस आधी बँकेला कळवून पुढची वसुली थांबवता येते, आणि खात्याच्या विवरणात अनधिकृत वसुली दिसली तर ते पाठवल्यापासून ६० दिवसांत तक्रार करावी लागते. भारतात कार्डावरच्या किंवा यूपीआयवरच्या आवर्ती वसुलीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते आणि तेवढ्या वेळात ती वसुली नाकारता येते.

हे सगळं वाचून धीर येतो, पण एक भेद विसरू नका. बँकेने पैसे परत केले म्हणजे कंपनीचं देणं संपलं असं होत नाही. बिल खरंच तुमचं असेल तर कंपनी ते मागणारच, वर दंड आणि सेवा तोडल्याची नोटीस. परतावा चुकीच्या वसुलीसाठी असतो. कंपनीशी असलेला वाद तुम्हालाच मिटवावा लागतो.

खात्यात शिल्लक कमी पडली तर ऑटो-डेबिट दोन्हीकडून महाग पडू शकतं: बँक वसुली फसल्याचं शुल्क लावते आणि कंपनी विलंबाचं. पगार महिन्याच्या अखेरीस आणि वसुली त्याच्या आदल्या दिवशी, असा मेळ बसलेला असेल तर हे पुन्हा पुन्हा घडतं. बऱ्याच कंपन्या मागितल्यावर वसुलीची तारीख बदलून देतात. ती बदलून घ्या.

परवानगी देताना कमाल मर्यादा विचारली जाते, तिथे घाईघाईने सगळ्यात मोठा आकडा टाकू नका. वर्षातलं सगळ्यात मोठं बिल शोधा, त्यावर थोडी जागा सोडा आणि तिथे थांबा. बिल मर्यादेबाहेर गेलं तर वसुली होत नाही, मग ते बघून हाताने भरावं लागतं. ऑटो-डेबिटमध्ये चुकीची रक्कम पैसे जाण्याआधी नजरेला पडण्याची हीच एक भक्कम जागा आहे.

स्थायी सूचनेबद्दल थोडक्यात: रक्कम कधीच बदलत नसेल, तर ही सगळ्यात सुरक्षित स्वयंचलित पद्धत, कारण आदेश तुमचा आणि पाठवणारी बँक तुमची. घरभाड्याला ती चपखल बसते. भाडं वाढलं की सूचना बदलायची आठवण मात्र ठेवावी लागते.

थेट कंपनीच्या साइटवर

मुदत अगदी जवळ आली असेल तर हा मार्ग उपयोगी आहे, कारण बऱ्याचदा तिथे भरणा लगेच नोंदवला जातो. बिलाचा पूर्ण तपशील, मागचे आकडे, जुनी थकबाकी हेही तिथे बँकेपेक्षा चांगलं दिसतं. पण कार्डाने भरताना वेगळं शुल्क लागतं का ते पैसे भरायच्या पानावर वाचा. आणि शोधयंत्रात कंपनीचं नाव टाकून वर दिसणाऱ्या दुव्यावर कधीही जाऊ नका, ती बनावट साइट असू शकते. ‘आज रात्री सेवा बंद होईल’ असा खोटा संदेश आला की माणूस घाबरतो आणि त्यातल्या दुव्यावर बोट ठेवतो. बँकेत आधीच नोंदवलेल्या कंपनीला पैसे पाठवताना हा धोका बराच कमी असतो, कारण पैसे कुठे जाणार ते आधीच ठरलेलं असतं.

मग कोणत्या बिलाला काय?

विमा हप्त्याला ऑटो-डेबिट. यात मला शंका नाही. हप्ता चुकला तर तो भरायला दिलेले जादा दिवस संपल्यावर संरक्षणच तुटू शकतं, आणि ते नेमकं गरजेच्या वेळी नसणं घराला परवडत नाही. इंटरनेट, फोनची ठरावीक योजना, कर्जाचे हप्ते हेही त्याच बाजूला.

वीज, पाणी, गॅस ही मीटरवरची बिलं स्वतः बघून भरावीत असं माझं मत आहे. मीटर वाचला न गेल्यास अंदाजे बिल येतं, पुढे दुरुस्तीचं मोठं बिल येतं, कधी आकडाच चुकीचा नोंदला जातो. पाण्याची गळती असो वा बिघडलेलं उपकरण, घराला पहिली खबर या बिलातूनच मिळते. ते परस्पर कापलं जात असेल तर कोणी उघडतही नाही. ज्यांना तारखा सांभाळणं खरोखर जमत नाही, त्यांनी ऑटो-डेबिट घ्यावं, मर्यादा घट्ट ठेवावी आणि बिल आल्याचा संदेश चालू ठेवावा.

क्रेडिट कार्डाचं बिल या दोन्हींच्या मध्ये बसतं. ऑटो-डेबिट लावताना पूर्ण रक्कम की किमान रक्कम असं विचारतात. किमान रक्कम निवडून निर्धास्त राहिलात तर उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहतं, आणि ते फार जबर असतं. शिल्लक पुरत असेल तर पूर्ण रक्कम लावा. शिल्लक वर-खाली होत असेल तर किमान रक्कम निव्वळ आधार म्हणून लावा आणि बाकीची दर महिन्याला आठवणीने स्वतः भरा. वसुलीच्या अगदी तोंडावर हाताने भरलंत तर दोनदा पैसे जाऊ शकतात, तेव्हा ते काही दिवस आधीच भरा.

बिलांसाठी वेगळं खातं ठेवणं शक्य असेल तर ठेवाच. पगाराच्या दिवशी महिन्याच्या बिलांपुरती रक्कम त्यात वळवायची आणि सगळ्या परवानग्या त्याच खात्यावर द्यायच्या. काही गडबड झाली तरी तिची झळ घरच्या बाकीच्या पैशांना लागत नाही.

बऱ्याच घरांत हे सगळं एकच माणूस सांभाळतो आणि बाकीच्यांना काहीच ठाऊक नसतं. तो माणूस रुग्णालयात असेल तर स्वतः भरायची बिलं राहतात. तो गेला तर त्याच्या एकट्याच्या नावावरचं खातं, बँकेला कळल्यावर, साधारणपणे गोठवलं जातं आणि त्यावरची ऑटो-डेबिटंही थांबतात. दुःखाच्या त्या दिवसांत वीज तुटल्याची नोटीस हातात पडते. कोणतं बिल कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेला आणि कोणत्या ग्राहक क्रमांकाने जातं याची यादी घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी असू द्या. त्यात पासवर्ड लिहायची गरज नाही.

बँक बदलताना जुनं खातं लगेच बंद करू नका. नव्या खात्यातून प्रत्येक बिलाची एक फेरी नीट पार पडू द्या. वर्षातून एकदा येणारा विमा हप्ता इथे हमखास निसटतो. आणि घर सोडताना बँकेत परवानगी रद्द करणं पुरेसं नाही. तेवढ्याने फक्त वसुली थांबते. जोडणी तुमच्याच नावावर राहते आणि नवा राहणारा वापरेल त्याचंही बिल तुमच्याच नावावर चढत जातं. आधी कंपनीकडे सेवा बंद झाल्याची किंवा नाव बदलल्याची लेखी पोच घ्या, शेवटचं बिल भरा, अनामत रक्कम कोणत्या खात्यात परत येणार ते विचारा, आणि त्यानंतरच बँकेतली परवानगी काढून टाका.